पावसाळ्यात घट्ट, उन्हाळ्यात सैल: पूल क्यूचा जॉइंट आणि शाफ्ट यांची निगा कशी राखावी?

शहापूरकर (बेळगाव)

नमस्कार. माझ्याकडे दोन तुकड्यांची पूलची (बिलियर्ड्ससारख्या टेबलावरील खेळाची) क्यू, म्हणजे चेंडू मारायची काठी, आहे. पुण्यातील एका मित्राने दोन वर्षांपूर्वी ती मला दिली. शाफ्ट (पुढचा निमुळता तुकडा) मेपल लाकडाचा, २९ इंची असून टिप (चेंडूला लागणारे टोक) १३ मिलिमीटरची आहे. बटामधून (मागच्या जाड तुकड्यातून) जाड आट्यांची स्टीलची पिन बाहेर येते आणि ती थेट शाफ्टच्या लाकडात पाडलेल्या आट्यांत बसते. मध्ये पितळेची बुश (आट्यांची नळी) वगैरे काही नाही. तुकडे जुळतात त्या जॉइंटच्या दोन्ही तोंडांवर काळ्या रंगाची कॉलर (कडे) आहे.

पहिले वर्ष कसलीही तक्रार नव्हती. गेल्या वर्षी मृगाचा पाऊस लागल्यावर दोन-तीन आठवड्यांतच शाफ्ट पिनवर चढवताना जड जाऊ लागला आणि शेवटच्या दोन फेऱ्यांना करकर असा आवाज येऊ लागला. दोन्ही तोंडे पूर्ण मिटत नाहीत म्हणून मी जोर लावून पिळत राहिलो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये रोज संध्याकाळी हाच प्रकार चालला. दिवाळीनंतर जॉइंट आपोआप मोकळा झाला तेव्हा मला बरे वाटले होते. आता फाल्गुन चालू आहे आणि तोच जॉइंट इतका सैल झाला आहे की पूर्ण आवळल्यावरही चेंडू मारताना हाताला बारीक ‘टक्’ जाणवते. जोडलेली क्यू टेबलावर गडगडवली तर टिप स्पष्टपणे वरखाली होते.

मी जेथे खेळतो तेथे तिघांनी तीन सल्ले दिले. एकाने पिनवर नळाला लावतात ती टेफ्लॉन टेप गुंडाळायला सांगितली आणि ती मी गुंडाळली आहे. दुसऱ्याने रबराच्या तुकड्याने पकडून आणखी आवळायला सांगितले. तिसऱ्याने कॉलरचे तोंड पॉलिश पेपरवर घासून सपाट करायला सांगितले. ते मी अजून केलेले नाही. शाफ्ट कायमचा वाकला आहे, की दोष जॉइंटचा आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे? दुरुस्ती होण्यासारखी आहे का? आणि जूनच्या आत मी काय केले म्हणजे पुढील पावसाळ्यात हे पुन्हा होणार नाही?

उद्यमबाग लेथवाला (बेळगाव)

पॉलिश पेपर हातात घेतला नाहीत हे फार चांगले केलेत. आता तो घेऊच नका, आणि टेफ्लॉन टेप आजच काढून टाका.

मी गेली तीस वर्षे लेथवर काम करतो. मुख्य काम हायड्रॉलिकच्या सुट्या भागांचे, पण स्वतः खेळत असल्यामुळे मित्रांच्या क्यू दुरुस्तीला येत राहिल्या आणि त्यातून जे शिकलो ते सांगतो. आपल्या वर्णनावरून ही पिन ३/८ इंच व्यासाची आणि इंचाला १० आट्यांची असावी. लाकडावर लाकूड टेकणाऱ्या सपाट तोंडाच्या जॉइंटांत हा प्रकार नेहमीचा आहे. स्टीलच्या कॉलरचे जे जॉइंट असतात त्यांत बहुधा ५/१६ इंची, १४ आट्यांची पिन असते. तेथे शाफ्टमध्ये पितळेची बुश असते आणि तोंडाचा बारीक गळा बटाच्या कॉलरमध्ये घट्ट उतरतो, म्हणून त्याचे आजार वेगळे. आपल्या जॉइंटमध्ये पिन फक्त दोन तोंडे एकमेकांवर ओढून धरते. क्यू सरळ राहते ती त्या दोन तोंडांच्या सपाटपणामुळे, आणि म्हणूनच आधी तोंडे तपासायची.

तोंडावरील लहानशा कचऱ्याने किती फरक पडतो त्याचा हिशेब पाहा. जॉइंटचा व्यास साधारण २१ मिलिमीटर आणि शाफ्टची लांबी साधारण ७३७ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या सुमारे पस्तीसपट. वहीच्या एका कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. तेवढाच थर तोंडाच्या एका कडेला बसला, तर शाफ्ट तेवढाच कलतो आणि टिपपाशी तो कल पस्तीसपट होऊन साडेतीन मिलिमीटर दिसतो. क्यू गडगडवणारा माणूस ते पाहून शाफ्ट वाकला असे ठरवतो आणि नवीन शाफ्टच्या शोधाला लागतो. माझ्याकडे ‘वाकलेला’ म्हणून आलेल्या शाफ्टांपैकी बरेचसे असे तोंड पुसल्यावर सरळ झालेले आहेत. टेफ्लॉनचा एखादा धागा तोंडावर आला तरी नेमके हेच होते. शिवाय टेप आट्यांत एका बाजूला जाड बसून पिनला मध्यापासून ढकलते.

तपासणी पुढीलप्रमाणे करा. शाफ्ट एकटा काचेच्या सपाट टेबलावर हळूहळू गडगडवा. तो निमुळता असल्यामुळे सरळ न जाता वळत जाईल, तिकडे लक्ष देऊ नका. त्याच्या पोटाखालून दिसणारी उजेडाची फट एका फेरीत किती कमीजास्त होते तेवढे पाहा. मग बटाचे तसेच करा. दोन्ही वेगवेगळे सरळ आणि जोडल्यावर वाकडे, तर दोष जॉइंटचा. शाफ्ट एकटाच उडत असेल तर लाकडाला बाक आला आहे.

‘टक्’ आवाजासाठी बट डाव्या हातात सैल धरून उजव्या हाताच्या मुठीने हलके ठोके द्या, मग शाफ्टला एकट्याला द्या, मग जोडून द्या. बटातच आवाज असेल तर बहुतेक वेळा बुडातील रबराचा स्क्रू किंवा आतील वजनाचा बोल्ट ढिला असतो, आणि ते पाच मिनिटांचे काम आहे. शाफ्टमध्ये असेल तर फेरूल (टिपमागचे कडे) किंवा टिप सुटत आली आहे. फक्त जोडल्यावर येत असेल, तर पिन बटामध्ये हलते आहे किंवा शाफ्टमधील आटे गेले आहेत. पिन अंगठा आणि तर्जनीत धरून सर्व दिशांना हलवून पाहा; ती केसभरही हलता कामा नये. हे करून काय दिसले ते लिहा, मग पुढचे सांगतो.

जांबोटीकर (खानापूर)

लेथवाल्या दादांनी तपासणी नेमकी सांगितली आहे. मी लाकडाच्या बाजूने लिहितो, कारण शहापूरकरांच्या प्रश्नातील खरी गोष्ट जून ते मार्च या क्रमात आहे. आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम आहे, आणि जांबोटी-कणकुंबीचा पाऊस लाकडाला काय करतो हे आम्ही दाराच्या चौकटींवर दरवर्षी पाहतो.

लाकूड हवेतील ओल घेते आणि सोडते. ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण आडवे फुगते, आणि आडवेही सर्व बाजूंना सारखे फुगत नाही. क्यूसाठी वापरतात तो कठीण मेपल पूर्ण ओल्या स्थितीतून पूर्ण कोरडा केला तर वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ९.९ टक्के आणि वलयांना काटकोनात सुमारे ४.८ टक्के आटतो, म्हणजे एका दिशेला दुसरीच्या दुप्पट. लाकडातील ओलीचे प्रमाण चार टक्क्यांनी वाढले असे धरले तर २१ मिलिमीटरच्या जॉइंटपाशी एका दिशेला पाव मिलिमीटरहून थोडी अधिक आणि दुसऱ्या दिशेला त्याच्या निम्मी वाढ होते. गोल असलेले लाकूड किंचित लांबट गोल होते. पॉलिशमुळे हे सावकाश होते एवढेच.

आता कॉलर. ती काळी कॉलर फिनॉलिकची (एका कडक प्लास्टिकची) असेल. ती लाकडासारखी फुगत नाही. बोटाचे नख शाफ्टवरून कॉलरकडे हळूच ओढून पाहा. आत्ता ते एका बाजूला अडकत असेल, कारण लाकूड आटून कॉलरची कड वर आली आहे. आषाढात लाकूड फुगल्यावर तेच नख उलट दिशेने अडकेल. फुगणाऱ्या लाकडाला बाहेरून कॉलरने आवळून धरलेले, म्हणून ते आतल्या भोकाकडे फुगते. जुलैत पिन घट्ट होते ती यामुळे. त्या घट्टपणात आपण जोर लावून पिळले तेव्हा पिनच्या स्टीलने फुगलेले आटे चेचून टाकले.

कुदळीचा दांडा हलू लागला की आपल्याकडे तो रात्रभर पाण्यात ठेवतात. सकाळी तो घट्ट असतो, चार दिवसांनी उन्हात वाळला की पूर्वीपेक्षाही सैल होतो. लोखंडाच्या वेढ्यात अडकून फुगलेल्या लाकडाचे तंतू दबतात, आणि एकदा दबलेले तंतू वाळताना आपल्या मूळ मापावर परत येत नाहीत. बैलगाडीच्या चाकाची धाव उन्हाळ्यात सुटते तेही असेच. आपल्या जॉइंटमध्ये नेमके हेच झाले आहे: पावसाळ्यात दबला, उन्हाळ्यात मोकळा झाला. फाल्गुनात जो सैलपणा दिसतो तो जुलैत तयार झालेला आहे, आणि आता आणखी आवळून तो जाणार नाही. उरलेसुरले आटे मात्र जातील.

ओल शिरते कोठून, याचाही विचार करा. लाकडाच्या अंगावरून ओल हळू शिरते, पण कापलेल्या टोकातून, जेथे तंतूंच्या नळ्या उघड्या असतात तेथून, ती कितीतरी वेगाने शिरते. आपल्या शाफ्टला अशा दोन जागा आहेत: जॉइंटचे तोंड आणि त्यातील भोक, आणि दुसरे टोक टिपखाली. बटाला जाड लॅकर असतो, शाफ्टला हात सरकावा म्हणून अगदी पातळ सीलर (लाकडाची छिद्रे बंद करणारा थर) असतो, आणि तोंडाला बऱ्याचदा काहीच नसते. शाफ्टचे तोंड आणि भोकाची आतली बाजू चपड्याच्या (पॉलिशच्या लाखेच्या) पातळ द्रावणाने बंद करा. आपल्या भागातील कोणताही जुना पॉलिशवाला स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा देईल. बारीक ब्रशने एक हात, दुसऱ्या दिवशी दुसरा हात, पुरे. हे काम आत्ता, लाकूड कोरडे असतानाच करायचे. पाऊस लागल्यावर केले तर ओल आत कोंडली जाते. नंतर ते तोंड कधीही स्पिरिटने पुसू नका, नाहीतर चपडा निघून येईल.

शहापूरकर (बेळगाव)

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री सर्व तपासण्या केल्या.

टेप सोडवताना तिचा एक पांढरा तुकडा कॉलरच्या तोंडावर चिकटलेला सापडला, आणि त्याच्या शेजारी हिरवट-काळा, नखाने खरवडावा लागेल असा घट्ट थर होता. चॉक (टिपला लावतात ती भुकटी) आणि मेण एकत्र होऊन तो बसला असावा. तो लाकडी काडीने काढून कोरड्या कापडाने पुसला आणि क्यू पुन्हा जोडून गडगडवली. टिपचे उडणे आधीच्या मानाने फारच थोडे राहिले. शाफ्ट एकटा गडगडवला तर मध्यावर अगदी बारीक फट एका बाजूला दिसते, पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी. बट सरळ आहे. पिन हलत नाही.

‘टक्’ मात्र जोडल्यावरच येते. शाफ्टचे भोक उजेडाकडे धरून पाहिले तेव्हा तोंडापाशी पहिले दोन आटे जवळजवळ सपाट झालेले दिसले, आणि शाफ्ट उलटा करून तळहातावर आपटला तर पिठासारखा पिवळसर भुसा पडला. तो पाहून वाईट वाटले, कारण तो माझ्याच हातांनी पाडलेला आहे.

एका मित्राचे म्हणणे असे की बाजारातून ३/८ चा टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) आणून आटे पुन्हा पाडावेत आणि आत झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे दोन थेंब सोडावेत. हे योग्य आहे का?

उद्यमबाग लेथवाला (बेळगाव)

गोंदाची कल्पना अर्धी बरोबर आहे, टॅपची पूर्ण चूक आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ३/८ चा साधा टॅप इंचाला १६ आट्यांचा असतो. आपली पिन १० आट्यांची आहे, म्हणजे तिचा प्रत्येक आटा २.५४ मिलिमीटरवर येतो आणि बाजारातील टॅपचा सुमारे १.५९ मिलिमीटरवर. तो टॅप एकदा जरी आत फिरवला तरी शिल्लक असलेले सर्व आटे कापले जातील. ५/१६ च्या बाबतीतही हीच गफलत होते, कारण बाजारात मिळतो तो १८ चा असतो आणि पिन १४ ची असू शकते. म्हणून कोणतेही हत्यार घालण्यापूर्वी पिनवर पट्टी ठेवून एका इंचात किती आटे बसतात ते मोजा. दहाचा टॅप आपल्याकडे तयार मिळत नाही, पण इंची आटे काढणाऱ्या कोणत्याही चांगल्या लेथवर तो करून घेता येतो. मी माझा असाच करून, कडक करून घेतला आहे.

आपले पहिले दोनच आटे गेले असतील आणि आतले शाबूत असतील तर दुरुस्ती लहान आहे. भोक कोरडे करून भुसा फुंकून काढायचा, मग सर्वांत पातळ जातीचा झटपट गोंद काडीने आट्यांवर फिरवायचा, म्हणजे तो लाकडात मुरून तंतू कठीण होतात. पूर्ण २४ तास थांबायचे. त्यानंतर नेमक्या आट्यांचा टॅप हाताने, जोर न लावता, आत-बाहेर फिरवून जादा गोंद काढायचा. गोंद ओला असताना पिन आत घालून ‘साचा’ घेण्याचा मोह अनेकांना होतो. तो केल्यावर बट आणि शाफ्ट कायमचे एक झालेली क्यू माझ्याकडे आलेली आहे, आणि ती सोडवताना कॉलर फुटली.

आतले आटेही गेले असतील तर भोक मोठे करून त्यात मेपलचा डट्टा सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीने बसवावा लागतो आणि मग लेथवर मध्य साधून पुन्हा भोक आणि आटे पाडावे लागतात. हातातील ड्रिलने हे करू नये, कारण भोक अर्धा अंश तिरपे गेले तरी तोंडे सर्व बाजूंनी मिटणार नाहीत. काहीजण पितळेची बुश बसवायला सांगतात. ती टिकते, पण क्यूचे वजन पुढे सरकते आणि मारल्यानंतर हाताला येणारी जाणीव बदलते. ज्याला लाकडावर लाकूड या जॉइंटची सवय आहे त्याला ते सहसा रुचत नाही. मी आधी लाकडाची दुरुस्ती करून पाहीन.

एक गोष्ट ठासून सांगतो. जॉइंट बोटांच्या जोरावर मिटला पाहिजे. तोंडे टेकली की त्यानंतर किंचित आवळणे, एवढेच. पावसाळ्यात जड जाऊ लागला तर आट्यांवर पांढऱ्या मेणबत्तीचे मेण पिनला नुसते स्पर्श करील इतके लावा आणि जादा पुसून घ्या. तेल लावू नका, ते लाकडात मुरते. तरीही मिटत नसेल तर त्या दिवशी दुसऱ्या क्यूने खेळा.

निपाणीचा टेबलवाला

मी निपाणीत टेबले सांभाळतो आणि रोज दहा-पंधरा क्यू माझ्या हातून जातात. जॉइंटविषयी वर सर्व आले आहे. शाफ्टविषयी माझे म्हणणे मांडतो, कारण आमच्याकडे जॉइंटपेक्षा शाफ्टच जास्त खराब होतात, आणि ते खेळण्याने होण्याऐवजी स्वच्छ करण्याने होतात.

घामाचा हात, त्यावर टाल्कम पावडर, त्यावर चॉकची भुकटी, असा थर शाफ्टवर बसतो आणि हात अडकू लागतो. मग माणूस पॉलिश पेपर काढतो. पहिल्या दिवशी शाफ्ट रेशमासारखा सरकतो, कारण घाणीबरोबर सीलरही निघाला आहे. आठवड्याने तो पूर्वीपेक्षा जास्त अडकतो, कारण उघड्या लाकडाने घाम प्यायला आहे. पुन्हा पेपर. माझ्याकडे एक शाफ्ट आहे, तो १३ मिलिमीटरचा म्हणून घेतलेला. कॅलिपर लावला तर फेरूलच्या मागे बोटभर अंतरावर १२.३ भरतो, आणि फेरूल जुन्या मापाचेच राहिल्यामुळे तेथे हाताला पायरी लागते. गेलेले लाकूड परत येत नाही.

चॉक म्हणजे शाळेतील खडू अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. १८९७ मध्ये स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी अमेरिकेत ज्या चॉकचे पेटंट घेतले त्यात सिलिका आणि कोरंडम, म्हणजे काचकागदावर असतात तसले कण होते, आणि आजचे चॉकही बहुतांशी तसेच घर्षणकारी असते. म्हणून चॉकची भुकटी लागलेल्या कापडाने शाफ्ट रगडणे म्हणजे पेपरने घासण्यासारखेच आहे, आणि तीच भुकटी जॉइंटच्या आट्यांत गेली की प्रत्येक जोडणीला आटे खाते. शहापूरकरांना सापडलेला हिरवट थर त्याच जातीचा आहे. टिपसाठी एक कापड आणि शाफ्टसाठी दुसरे ठेवा. क्यू सोडवल्याबरोबर दोन्ही तोंडांवर टोप्या लावा. त्या नसतील तर चांगल्या सुताराकडून सागवानी करून घ्या, पण भोकात सैल बसतील अशा.

रोजची सफाई म्हणजे खेळून झाल्यावर कोरडे मऊ कापड आणि दोन मिनिटे. महिन्यातून एकदा कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळावे, नुसते दमट राहील इतके, एका हाताने पुसावे आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने कोरडे करावे. त्यानंतर चामड्याच्या तुकड्याने शाफ्ट गरम लागेपर्यंत घासला की उठलेले तंतू बसतात. टेबलाच्या कडेवर आपटून खळगा पडला असेल तर तेवढ्याच जागी ओल्या टिपकागदाचा तुकडा रात्रभर ठेवावा. दबलेले तंतू पाण्याने फुगून वर येतात, मग काचेच्या गुळगुळीत नळीने दाबून ती जागा सपाट करावी. कुदळीच्या दांड्याचे जे उदाहरण वर आले ते येथे आपल्या बाजूने काम करते.

तेलाबद्दल जांबोटीकरांनी काही लिहिलेले नाही, पण हा प्रश्न येणारच. आपल्याकडे स्नूकरच्या अ‍ॅश लाकडाच्या क्यू जास्त आहेत आणि त्यांना जवसाचे तेल लावण्याची पद्धत जुनी आहे. ती योग्य आहे, कारण जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट होते. घरातील खोबरेल किंवा शेंगतेल कधीच सुकत नाही; ते लावलेला शाफ्ट वर्षभर चिकट राहतो. अगदी थोडे तेल, दहा मिनिटांनी पूर्ण पुसणे आणि दोन दिवस न खेळणे, हे पाळावे. तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेटू शकते, म्हणून ते दोरीवर पसरून वाळवावे. सीलर लावलेल्या मेपलच्या शाफ्टला मात्र तेलाची गरज नाही.

ठेवण्याची जागा. भिंतीला तिरकी टेकवलेली क्यू ओल्या हवेत स्वतःच्या भाराने वाकते आणि तसाच बाक धरते. स्टँडमध्ये उभी किंवा पूर्ण आधारावर आडवी, दोन्ही चालतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ५०-६० अंशांपर्यंत तापमान चढते आणि पिन धरून ठेवणारे इपॉक्सी तेथे मऊ पडू शकते, त्यामुळे गाडीची डिकी ही क्यू ठेवण्याची जागा नव्हे. शहापूरकरांचा पोस्टकार्डाएवढा बाक मी तसाच राहू देईन. गरम करून, गुडघ्यावर वाकवून सरळ केलेला शाफ्ट पुढच्या पावसात परत फिरतो, आणि तेवढ्या बाकाने खेळात फरक पडत नाही.

कारवारकर

कार्बनचा शाफ्ट घेतला तर ही सगळी काळजी संपेल का? आमच्याकडे समुद्राची हवा आहे आणि स्टीलच्या पिनला गंज येतो.

जांबोटीकर (खानापूर)

बाक आणि फुगणे यांची काळजी संपेल, कारण कार्बन हवेतील ओल लाकडासारखी घेत नाही. जॉइंटची संपणार नाही. कार्बनच्या शाफ्टमध्येही धातूची किंवा अन्य पदार्थाची बुश चिकटवलेली असते, तेथे चॉकची भुकटी जातेच, आणि बट तर लाकडाचाच राहतो. शाफ्ट घेताना आपल्या पिनचे आटे मोजून त्याच मापाचा मागवा. गंजासाठी पिन रोज कोरडी पुसा आणि क्यू केसमध्ये ओली ठेवू नका. पावसात दुचाकीवरून आणलेली केस घरी आल्यावर उघडून क्यू बाहेर काढली नाही तर केसच्या आत रात्रभर पावसाळा चालू राहतो. सिलिका जेलची पुडी ठेवायची तर लहान ठेवा आणि दर काही आठवड्यांनी ती तापवून कोरडी करा.

शहापूरकर (बेळगाव)

दोन आठवड्यांनी लिहीत आहे. पिनवर पट्टी ठेवून आटे मोजले, इंचाला बरोबर दहा भरले. लेथवाल्या दादांनी आपल्याकडे क्यू घेऊन येण्यास सांगितले आणि माझ्यासमोर काम केले. आतले आटे शाबूत होते, त्यामुळे गोंद मुरवून टॅप फिरवण्यावर भागले. लेथवर शाफ्ट धरून डायल गेज (बारीक फरक दाखवणारे मापक) लावले तेव्हा तोंड एका कडेला सहा शतांश मिलिमीटरने बाहेर होते. त्यांनी धारदार टूलने एकच अगदी हलका काप घेतला; जो कचरा निघाला तो फुंकरीने उडाला. ‘टक्’ आता येत नाही. शाफ्ट तीन बोटांनी फिरवत आणला की तोंडे मिटतात, आणि दिव्यासमोर धरले तर मधून उजेड दिसत नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी चपड्याचा पहिला हात दिला आणि पाडव्याला दुसरा. कॉलरला लागून लाकडाचे माप कॅलिपरने दोन दिशांना घेतले: एका दिशेला २१.१२ आणि काटकोनात २१.०६ मिलिमीटर. ही मापे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून केसच्या खिशात ठेवली आहेत, आणि कॉलरवर पेन्सिलीने बारीक खूण केली आहे, म्हणजे आषाढात त्याच जागी पुन्हा मोजता येईल. त्या वेळची मापे येथेच लिहीन.